अक्काची अपुरी गंगा

हुबळीत विद्यानगरच्या हॉस्टेलवर आईचा फोन आला, तेव्हा मी जेवायला बसले होते. "अक्का गेली," एवढंच ती म्हणाली. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण. अळणावरच्या आसपासच्या देवळांच्या भिंतींवर ती पुराणातली चित्रं काढायची. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, पण सुट्टीत तिच्याबरोबर रंग कालवायला जायचे. आता काही आठवडे झाले. तिच्याविषयी नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही... तरी लिहिते.

देव, राक्षस, हत्ती, सगळं अक्का आधी खडूनं आखून घ्यायची. पाणी मात्र कधीच आखायची नाही. बाकीचं चित्र पुरं होऊन वाळलं, की भिंतीवर वरून तांब्याभर पाणी ओतायची आणि ओघळ उतरेल तशी नदी रंगवायची. शेजारच्या गावात तिची गंगा शंकराची जटा टाळून थेट नंदीवर उतरली. बघायला बसलेला एक म्हातारा हसला, "अक्का, तुझी गंगा रस्ता चुकली की!" अक्का म्हणाली, "इरली बिड्री अज्जा, राहू द्या. तिला रस्ता सांगणारे आपण कोण?" आणि नंदी तिनं ओलाचिंब रंगवला.

आमच्या गावच्या देवळात मात्र भगीरथाचे जोडलेले हात पुरे झाले, आणि ती तापानं पडली ती उठलीच नाही. गंगा तेवढी रंगवायची राहिली. जत्रा जवळ आली, मीही गावी आले होते, तेव्हा पुजारी अण्णा म्हणाले, "हुबळीहून गंगेचं फ्लेक्स आणून चिकटवू." "मी रंगवते," मी म्हणाले. 

तांब्या ओतला. पाणी जटेपाशी जरा थबकलं, मग एकदम डावीकडे वळलं आणि भगीरथाच्या हातांवरून वाहत गेलं. अक्कानं रंगवलेलं ते शेवटचं... "तिच्या हातचं आहे गं," आई म्हणाली. "जरा वळवून घे. कुणाला कळणारंय?"

मला कळलं असतं. मी जटेपासून सुरुवात केली. त्या हातांपाशी आल्यावर ब्रश थोडा वेळ अडला. मग निळा रंग त्यांच्यावरून ओढला.

संध्याकाळी अण्णांनी अगदी जवळ जाऊन बघितलं. "पाण्याखालून बोटं दिसतात अजून. रंगाचा आणखी एक हात मार."

"नाही अण्णा," मी म्हणाले, आणि ब्रश धुवायला घेतला.