गैरहजर पोरीचा गोंधळ

"खुर्ची सोडा, बाई."

मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले. नववीचा वर्ग. पन्नास-साठ पोरं बघायलीत. मी उठले. त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला पुढं बोलावलं, माझ्या खुर्चीत बसवलं, हातात छडी दिली.

"बघा. वर्ग असा सांभाळतात."

आणि खरंच वर्ग गप्प झाला. होणारच की! गोंधळ घालणाराच खुर्चीत बसला होता. मी फळ्याकडं वळले की हाच बेंच बडवायचा, "नामांतर बाई" म्हणून ओरडायचा. तक्रार मीच केली होती. तिचा हा निकाल.

त्या दिवसापासून मी उभ्यानं शिकवलं. छडी पडायची ती शेवटच्या बेंचावर, आमच्या वस्तीतल्या पोरांवर. ती माझ्याकडं बघायची. मी फळ्याकडं बघायचे. लाज वाटते सांगायला, पण तोंड उघडलं नाही. नामांतराच्या दंगलीत खेड्यातलं आमचं घर जळालेलं. आई-बाप, दोन भावंडं माझ्या एका नोकरीवर. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच वर्षी ठरणार होतं. पाणी शेंदताना विहिरीत बघायचे आणि वाटायचं, सुटू एकदाचं.

एका शनिवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. समोर कागद. ‘वर्गात सतत गोंधळ घालणारे विद्यार्थी.’ खाली चार नावं. चारी आमच्या वस्तीतली. पुतण्या कुठंच नाही.

"वर्गशिक्षिका म्हणून सही करा. यांचे दाखले हातात देऊन मोकळं होऊ. तुमच्या कायमच्या कागदावर मी पण सही करतोच."

मी पेन काढलं. हो, काढलं. टोक कागदाला टेकलं आणि तिसरं नाव दिसलं. सुनंदा. ही पोरगी तीन आठवडे शाळेतच आली नव्हती. आईबरोबर मानवतच्या रस्त्याला कापूस वेचायला जायची. हजेरीत तिच्यापुढं रोज ‘गै’ मीच लिहायचे.

"सर, ही तर गैरहजर आहे."

"मग? आली की करीलच."

मान वर केली नाही त्यांनी.

आमच्या बापानं तरी काय केलं होतं? तो शेतात होता, अन् घर जळालं.

मी त्याच कागदावर लिहिलं: ‘सुनंदा तीन आठवडे गैरहजर. बाकी तिघांनी गोंधळ केला नाही.’ गोंधळ करणारा म्हणून पुतण्याचं नाव लिहिलं. त्याच्या हातात छडी कुणी दिली तेही लिहिलं. खाली पूर्ण नावानं सही केली.

"बाई, आपल्याच पोटावर पाय द्यायलात तुमी."

"देऊ द्या."

तशीच वर्गात गेले. पुतण्या खुर्चीत.

"ऊठ."

तो हसला. मी हलले नाही. शेवटी उठला, पण सगळे बेंच वाजायला लागले. लय वाजले. त्या गोंगाटात मी खुर्चीत बसून हजेरी घेतली, एकेक नाव ओरडून. शाळा सुटल्यावर कापसाच्या रानात गेले. सुनंदाच्या आईला सगळं सांगितलं.

"अवो बाई, माजी पोरगी तर हितं हाय. तिनं कवा गोंधळ घातला?"

"न्हाई घातला. सोमवारी तिला शाळेत धाडा."

सोमवारी पोरगी आली. त्या कागदावर चौघांतल्या कुणाचाच दाखला निघाला नाही. एप्रिलात मला घरी बसवलं. ‘वर्ग सांभाळता येत नाही’ असा शेरा मारून. आई दिवसभर रडली. दुसरी नोकरी अजून नाही.

तो शेऱ्याचा कागद मी मुलाखतीला आधी टेबलावर ठेवते. साहेब लोक वाचतात, एकमेकांकडं बघतात. बघा. काय विचारायचं ते विचारा. मी खुर्चीत बसले आहे, आणि उठणार नाही.