माझ्या हातून लागलेला वणवा आणि आक्कांची पट्टी

रविवारी दिवसभर टेकडीवर गवत कापत होतो. कोडोलीच्या पुढे आमची छोटी वाडी आहे, तिथली ही गायरानाची टेकडी. आज कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या ऑफिसात बसून टाइप करतोय, पण बोटं नीट वळत नाहीयेत… तळहाताला चार फोड आलेत.

हे गवत मी का कापत होतो, ते सांगायलाच हवं. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या एका तुकड्यातला ऊस कारखान्याला गेला. रानभर पाचट पडलेलं, म्हणजे उसाचा वाळका पाला. दुसऱ्या दिवशी नांगरायला ट्रॅक्टर येणार होता आणि मी पडलो फक्त सुट्टीचा शेतकरी… भर दुपारी काडी ओढली आणि पाचट पेटवून दिलं.

वारा सुटला. बघता बघता जाळ बांध ओलांडून टेकडीवर चढला. मी एकटाच ओरडत, शर्ट काढून झोडपत होतो… त्या जाळापुढे माझं काय चालणार!

वाडीतून माणसं धावत आली. ओली पोती, निरगुडीचे फाटे, हाताला लागेल ते घेऊन. टेकडीखाली एका मेंढपाळाने मेंढरं बसवली होती, तो आपलं घोंगडं घेऊन सगळ्यांच्या पुढे.

अर्धी टेकडी गेली. आणि मग मधोमध येऊन जाळ थांबला… खरंच थांबला. तिथे गवत बुडापासून कापून साफ केलेली एक रुंद पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ती पट्टी मी दरवर्षी बघत होतो. बायका वैरण नेतात म्हणून तिथे गवत कमी, एवढाच माझा समज! प्रत्यक्षात वाडीतल्या आनंदीआक्का आणि आणखी पाच-सहा जणी दर थंडीत ती मुद्दाम कापतात… कधी वणवा लागलाच तर तिथे अडावा म्हणून. त्यांच्या म्हशींचा उन्हाळा टेकडीवरच्या गवतावर निघतो. वरच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या आहेत, लाव्यांची, टिटव्यांची घरटी असतात. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, अर्धं जळून गेल्यावर.

आग विझली आणि ती कुणी लावली याची चर्चा सुरू झाली. माझंही रान जळालेलं दिसत होतं, त्यामुळे दोघांनी उलट माझीच समजूत काढली.

"ह्या मेंढरंवाल्यानंच बिडी टाकली असणार की! उद्याच्या उद्या हलीव तुझी मेंढरं," एकजण ओरडला.

"मी बिडी वडत न्हाय हो," तो मेंढपाळ एवढंच म्हणाला. त्याच्या घोंगड्याची एक कड पार जळाली होती.

आणि मी गप्प बसलो. गाडी काढली आणि कोल्हापूरला आलो…

जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती वाढायची थांबली. "त्या माणसाचं काय आता?" एवढंच तिने विचारलं.

सकाळी रजा टाकून वाडीत गेलो. वाटेत तो मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादताना दिसला. सरळ दूध डेअरीवर गेलो, कारण सकाळी सगळी वाडी तिथेच असते. सगळ्यांसमोर सांगितलं की आग मी लावली, त्या माणसाचा काही संबंध नाही.

मग एक म्हातारे भडकले, "शिकल्याली माणसं तुमी, आन् एवढ्या वाऱ्यात पाचट पेटवतासा?" आणखीही बरंच बोलले. सगळं ऐकून घेतलं… खरंच होतं ते.

आनंदीआक्का कडेला किटली घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "आक्का, चुकलो. माफ करा."

"ठावं हाय मला," आक्का म्हणाल्या. "धूर पैल्यांदा तुमच्याच रानातनं आलता."

"मग काल बोलला का नाहीत?"

"आज बोलणारच हुते की. म्हटलं आदी बघू, सवताच्या तोंडानं सांगत्यात का." मग किटली उचलत म्हणाल्या, "आन् डेरीत माफी मागून गवत उगवत न्हाय. थंडीत इळा घिऊन या, पट्टी मारायला."

आदल्या दिवशी ओरडलेला माणूस स्वतः मेंढपाळाकडे गेला आणि घोड्यावरचं ओझं त्यानेच खाली उतरवलं. मीही मागोमाग जाऊन हात जोडले तर मेंढपाळ म्हणाला, "बरं झालं सायेब, बोललासा ते." पुढे पंधरा दिवस तो तिथेच राहिला.

आमच्या दुसऱ्या तुकड्यातला ऊस तुटला तेव्हा त्याचे हिरवे शेंडे मी आक्कांच्या आणि बाकी सगळ्यांच्या गोठ्यात पोहोच केले. पाचट आता पेटवत नाही, रानातच कुजवतो.

आणि या रविवारी विळा घेऊन गेलो, बायकोही बरोबर होती. "आसं न्हवं, बुडातनं कापा!" असं आक्का दिवसभर ओरडत होत्या. जळालेल्या बाजूला गवत पुन्हा कमरेएवढं झालंय… ते बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या टेकडीचा सातबारा आक्कांच्या नावावर नाही, त्यांच्या मैत्रिणींच्याही नाही. तरी वर्षानुवर्षं त्या राबत आल्या, माझ्यासारखा कुणीतरी चुकेल हे धरून. त्यांच्यामुळे माझी चूक अर्ध्यावर थांबली… आक्का, तुमचे उपकार मी विसरणार नाही.