कळकलेलं संत्र्याचं सरबत

लग्नाच्या मांडवात हल्ली कोणी ट्रेमधून केशरी सरबत घेऊन माझ्याकडे यायला लागलं, की मी उठून चपला शोधायला लागतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला साखरेचा आजार आहे. साखरेचा काही नाही, मला त्या रंगाचीच किळस आहे. नुसता दिसला तरी जिभेच्या मुळाशी पितळ चाटल्यासारखी चव येते आणि पोटातून काहीतरी वर यायला निघतं. ही किळस दुसऱ्या कोणी लावली असती तर त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण ती मी माझ्या हातानं, मंद आचेवर, सालींसकट शिजवली होती.

अमरावतीत तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी, आई आणि नवीनच लग्न होऊन आलेली बायको. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-सहा वर्षं झाली असतील. घरातले जुने देव गेले, त्यांचे सण गेले, आणि आईच्या हाताला सणाचं काम म्हणून काही उरलं नाही. वैशाखी पौर्णिमा तेवढी तिनं घट्ट धरली. त्या दिवशी पांढरं लुगडं नेसायची, मोठं पातेलं भरून खीर करायची, आणि गल्लीतली आमची माणसं येऊन खाऊन जायची. पण त्या वर्षी तिनं वेगळंच काढलं.

"तुया हापिसातले लोक कधी येत नाईत आपल्या घरी?"

"येतील."

"तू तं जातं त्यायच्या घरी. संक्रांतीले गेलता, दिवाईले गेलता. मंग त्यायनं नाई यावं काय? या पुनवेले बलाव. माह्या हातची खीर खाऊन जातील."

आता हिला काय सांगायचं? दिवाळीला हेडक्लार्क साहेबांकडे गेलो होतो हे खरं. पण तिथं चिवडा मला वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मिळाला होता आणि चहा कान तुटलेल्या कपात. चहा पिऊन झाल्यावर तो कप मीच अंगणातल्या नळावर विसळून खिडकीत पालथा घातला होता, आणि वर "चहा फार छान झाला होता, वहिनी" असं म्हणून आलो होतो. हे घरी कधी बोललो नव्हतो. आईच्या समजुतीत मी कचेरीतला मानाचा माणूस होतो. ही मंडळी आमच्या घरी येऊन काही तोंडात घालतात की नाही, यावर आता ती समजूत उभी होती. नाही घातलं, तर तिला सगळं एका संध्याकाळीत कळणार होतं.

साधा माणूस असतो तर आमंत्रण दिलं असतं आणि व्हायचं ते होऊ दिलं असतं. पण मी पडलो हुशार. कचेरीशेजारच्या वाचनालयात बायकांचं एक मासिक यायचं, त्यात 'घरगुती पार्टी' असा लेख आला होता. ग्लासात कागदी छत्र्या कशा खोचाव्यात, काडीला फळांच्या फोडी कशा टोचाव्यात, आणि संत्र्याचं सरबत बाटल्यांत भरून उन्हाळ्यापर्यंत कसं टिकवावं. ते वाचताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खीर म्हणजे शिजवलेला भात. तिला नाही म्हणायची या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पाण्याचंही तेच. पण संत्रं? ते मोर्शीच्या बागेत झाडावर पिकतं. बर्फ? तो कारखान्यात होतो. म्हणजे आमच्या माठातल्या पाण्याचा थेंबही न लागता सरबत तयार! आता काय कारण सांगाल, सांगा बरं!

या युक्तीवर मी इतका खूश होतो की रस्त्यानं एकटाच हसत घरी आलो. आज ती आठवली की सरबतापेक्षा तिचीच जास्त मळमळ होते. आपल्याच घरात आपल्याच आईच्या माठाला वगळून मी पाहुणचार रचत होतो, आणि स्वतःला मुत्सद्दी समजत होतो.

वैशाखात संत्री कुठली? म्हणून फाल्गुनातच मोर्शीहून टोपलीभर आणली. आई तेव्हा तिवस्याला माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणजे अडवणारं कोणी नव्हतं. लेखात लिहिलं होतं, सालीचा किंचित कीस घालावा. मला तो कंजूषपणा वाटला. मी सगळ्याच साली घातल्या. एवढा रस मावेल असं एकच भांडं घरात होतं, जुना पितळी गंज. बायकोनं आत डोकावून पाहिलं.

"अवं जी, याची कल्हई गेली ना. बुडाशी पिवया पडला हाय गंज. आंबट नका शिजवू यात, कयकते, मंग बाधते."

"मासिकात कल्हईचं काही लिहिलेलं नाही."

"लिवणारीच्या घरी अल्मुनचं भांडं असंन. तुमच्या घरी काय हाय थे तिले काय मालूम?"

"तू फक्त ढवळ."

"मी नाई ढवळत. पावने मेले तं मी म्हनीन, यायनंच ढवळलं."

मीच ढवळलं. भंगारवाल्याकडून आणलेल्या औषधाच्या बाटल्या राखेनं घासून त्यात ते भरलं आणि बुचांवर मेणबत्ती ठिबकवली. चाखलं नाही. पाहुण्यांसाठी केलेल्याला आधी तोंड लावायचं नाही ही घरची रीत, आणि नेमकी तेवढी एकच रीत मी पाळली. चैत्रात बाटल्यांत खाली हिरवट गाळ बसला, वर शेंबडासारखा तवंग आला. एक बूच भर दुपारी फटकन उडालं आणि खोलीत ओल्या पोत्यासारखा वास पसरला. मी म्हटलं, मुरतंय.

पौर्णिमेच्या दिवशी ऊन असं होतं की सायकलच्या सीटवर बसवत नव्हतं. कारखान्यातून बर्फाची लादी आणली, पोत्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेली. ती ओट्यावर वरवंट्यानं फोडली. भुसा काही सगळा गेला नाही. बाटल्या उघडल्यावर आतून जो रंग आला त्याला नाव नाही. सडक्या पानाला हळद लावल्यासारखा. मी घाबरलो, पण हरलो नाही. मिठाईवाल्याकडून केशरी रंगाची पुडी आणली आणि ती सगळी ओतली. वासासाठी केवड्याचं पाणी ओतलं, तेही सगळं. मग पतंगाच्या कागदाच्या छत्र्या करून प्रत्येक ग्लासात एकेक उभी केली. ओल लागताच त्यांनी मान टाकली आणि त्यांचा गुलाबी, निळा रंग ओघळून सरबतात उतरला.

"पार्टी हाय का रंगपंचमी?" बायको म्हणाली.

आतल्या खोलीत आई शांतपणे खीर ढवळत होती. वेलची कुटली होती, चारोळ्या निवडल्या होत्या. माठ घासून भरला होता आणि त्यावर नवं झाकण ठेवलं होतं. मी तिला सांगून ठेवलं, "आधी सरबत. खिरीचं मी सांगेन तेव्हा."

संध्याकाळी हेडक्लार्क साहेब आले. मागे त्यांच्या पावलावर पाऊल टाकणारे दोघं कारकून. शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्यांवर तिघं असे टेकले, जणू खुर्ची तापलेली आहे. मी ग्लास पुढे केले.

"अरे वा! रंग काय सुरेख आलाय!" साहेब म्हणाले.

"घ्या ना साहेब."

"घेतो, घेतो. त्याचं काय आहे, आज पौर्णिमा. माझा उपास असतो."

"उपासाला चालतं साहेब, संत्र्याचंच आहे!" मी म्हणालो, आणि मग जे बोललो ते आठवून आजही स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं. "आमचं पाणी अजिबात घातलेलं नाही. बर्फसुद्धा कारखान्यातला."

हे मी चांगलं मोठ्यानं बोललो. दारात आई उभी होती, हातात खिरीची वाटी. तिनं ते ऐकलं.

"हो का? पण बर्फानं घसा धरतो हो माझा," साहेब तितक्याच गोडीनं म्हणाले. एका कारकुनाची दाढ तेवढ्यात ठणकायला लागली. दुसऱ्यानं आत्ताच चहा घेतला होता. कोणी नाक मुरडलं नाही, कोणी वाईट शब्द काढला नाही. तिघंही हसून, मान डोलावून, छत्र्यांचं कौतुक करत होते, आणि ग्लास तसेच भरलेले. तो गोडवा मला त्या केशरी चिखलापेक्षा घाण वाटला. आईनं वाटी पदराआड घेतली आणि ती मागे वळली.

तेवढ्यात आमचा चौथा पाहुणा आला. हा कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. दर्यापूरकडचा, घरी काळ्या जमिनीची शेती, आवाज नांगराला जुंपलेल्या बैलांना हाक मारल्यासारखा. गावाहून एसटीनं येत होता, घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

"हे ऊन हाय का भट्टी, लेका! घसा पार वायला." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "साहेब, तुमी घेऊन नाई राह्यले हे? मंग मी घेतो."

मी नको म्हणायच्या आत त्यानं साहेबांचा ग्लास छत्रीसकट उचलला आणि एका दमात घशाखाली रिकामा केला.

पुढचे काही क्षण तो हललाच नाही. मग त्याचा एक डोळा मिटला, गाल आत गेले, मानेच्या शिरा ताठल्या. तोंडातून त्यानं बोटानं कागदाचा गोळा ओढून काढला. ओठ गुलाबी, जीभ निळी. मग तो जो उठला तो थेट आतल्या खोलीतल्या मोरीवर, आणि तिथं त्यानं सगळं परत केलं, आवाजासकट.

"अबे, काय पाजलं बे मले! संत्र्याचं हाय का गुराच्या दवाखान्यातलं? माय, पानी दे वं, पानी! तोंड जहर झालं!"

आई गोंधळली. तिनं तांब्या बुडवला, पण पुढे करताना हात थबकला. तिची नजर बाहेरच्या खोलीकडे गेली. त्यानं तांब्या तिच्या हातातून ओढूनच घेतला. चूळ भरली, पुन्हा भरली, मग तांब्या वर धरून घटाघटा प्याला. आणखी मागून घेऊन आणखी प्याला. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. "बरं, आम्ही निघतो, बराच उशीर झाला," असं म्हणत तिघं पायात वहाणा अडकवत होते. मी त्यांना पोचवायला उठलोच नाही.

"माय, तोंडाची चव जाईन असं काई गोड हाय का?" मोरीशेजारीच फतकल मारून तो विचारत होता.

"हाय बावा. पन..." आईनं खिरीच्या पातेल्याकडे पाहिलं. "घरची हाय. भाताची खीर हाय."

"मंग खीर का दगडाची रायते?"

तिनं वाटी दिली. त्यानं चाटून पुसून परत केली आणि तशीच पुढे धरली. ती वाढत राहिली, तो खात राहिला, आणि मधून मधून माझ्याकडे पाहून "हरामखोर" म्हणत राहिला.

तो गेल्यावर मी उरलेल्या ग्लासातलं सरबत तोंडाला लावलं. आधी केवडा, मग सालीचा कडूपणा, मग भुसा, आणि मग खालून हळूहळू ते पितळ वर आलं. मीही मोरी गाठली. तिथं वाकलेलो असताना विचार आला, त्या तिघांना त्यांच्या सोवळ्यानं वाचवलं! मनातल्या मनात त्यांना धड शिव्याही देता येईनात. नाकारण्यासारखं सरबत तर मीच केलं होतं.

आई उंबऱ्याशी बसून माझ्याकडे पाहत होती.

"हेडक्लार्क आपलं काई खात नाई, ना?"

"नाही."

"अन् तू त्यायच्या घरी कायच्यात चहा पेतं?"

सांगितलं. कान तुटलेल्या कपाचंही आणि तो विसळल्याचंही. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं फक्त पदरानं तोंड पुसलं.

"मंग आता जाऊ नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाय ठेवला तर दर्यापूरकर टेबलावर बसून सगळ्यांना ऐकवत होता. "याच्या घरी कोनी सरबत पेऊ नका रे! माहं आतडं बाहीर येऊन परत गेलं. मायच्या हातची खीर खा, लेकहो. माठातलं पानी तं असं थंडं का काय सांगू. पन यानं केलेल्या कशाले हात लावू नका!" शिपायापासून सगळे खो खो हसत होते. हेडक्लार्क साहेब मान खाली घालून फाईल वाचत होते. पान काही उलटलं जात नव्हतं.

संध्याकाळी मी आईला सांगितलं, तो माझी कशी बेअब्रू करून राहिला आहे.

"काय म्हने? पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"मायच्या हातची खीर, असं म्हने?"

"हो."

"साऱ्याइच्या समोर?"

"साऱ्यांच्या समोर."

"थो हेडक्लार्क व्हता तिथं?"

"होता."

तिनं तांदूळ निवडायचं सूप मांडीवर ओढलं. एक खडा काढून बाजूला टाकला.

"मंग सांगू दे त्याले," ती म्हणाली. "तू मधात बोलू नको."