धरणातून सरळ कुणी नेलं

मला कुणावर लवकर भरवसा बसत नाही. दूधवाल्याच्या मापावर नाही, गोड बोलणाऱ्या पाहुण्यावर नाही, आणि खरं लिहायचं तर देवावरही पुरता नाही. लग्न झाल्यापासून सोमवार धरते, औंढ्याच्या नागनाथाला जाते, पण नवस कधी बोलले नाही. देवानं दिलं तर बदल्यात तो काय मागून बसेल, ही धास्ती. चारचौघांत मला बोलता येत नाही. गप्प बसणाऱ्या माणसाला बघायला पुष्कळ वेळ मिळतो, आणि जितकं बघावं तितका संशय वाढतो. माझंही तसंच झालं असेल.

आमची लेक कोमल पोलीस भरतीसाठी पळत होती. पहाटे उठून साखऱ्याच्या रस्त्यानं जायची, येताना गाल लाल झालेले असायचे. भरतीच्या मैदानावर शेवटच्या फेरीला तिला चक्कर आली आणि ती खाली बसली ती बसलीच. बाकीच्या पोरी बाजूनं निघून गेल्या. घरी आली, पळायचे बूट ज्वारीच्या कोठीमागं टाकले आणि बोलणंच सोडलं. जेव म्हटलं तर जेवायची, झोप म्हटलं तर झोपायची. काही विचारलं की, "काय न्हाई, माय." एवढंच. मला वाटलं, कुणाची तरी नजर लागली. शेजारणीवर संशय घेऊन झाला, नणंदेवर घेऊन झाला, मग मी सुनेवर आले.

सून मनीषा हिंगोलीची. तिला सायकलीचं वेड. कामं आवरून सकाळी सायकल काढायची आणि सेनगावच्या रस्त्याला लागायची. एवढं रोज कुठं जाते म्हणून मी एकदा पायी तिच्या मागं फाट्यापर्यंत गेले होते. मी पोचले तेव्हा ती फाट्यावर थांबलेली होती. बाटलीतलं पाणी प्यायली आणि परत फिरली. मला बघून म्हणाली, "आत्याबाई, तुमी इकडं?" मी म्हटलं, "शेळी सुटली." आमची शेळी तेव्हा दारात बांधलेली होती, आणि तिला ते ठाऊक होतं. पण ती काही बोलली नाही. ती बोलली नाही, याचाही मला संशयच आला.

तिनंच ती बातमी आणली. सिद्धेश्वरच्या धरणावर एक शर्यत होणार होती. आधी पाण्यात पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं. एकट्यानं तिन्ही करावं, नाही तर तिघांनी वाटून घ्यावं. पोहायला मनीषाची हिंगोलीची मैत्रीण, सायकलवर मनीषा, पळायला कोमल. कोमल हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी बूट कोठीमागून निघून उंबऱ्यापाशी आले. मी ते बघितलं आणि कुणाला काही बोलले नाही. बोललं की बिघडतं.

थोड्याच दिवसांनी त्या मैत्रिणीला कावीळ झाली. बूट उंबऱ्यावरून उठले आणि परत कोठीजवळ गेले. मागं टाकले नव्हते, पण जवळ गेले होते.

त्याच दिवशी आमच्या विहिरीतल्या मोटारीच्या जाळीत शेवाळ अडकलं. ते काढायला दर वेळी मीच उतरते. लहानपणी माहेरी विहिरीतच पोहायला शिकले, त्यामुळं पाण्याचं मला कधी भय वाटलं नाही. जाळी साफ करून, मनाला बरं वाटलं म्हणून चार फेऱ्या मारल्या. वर बघते तर काठावर मनीषा उभी.

"आत्याबाई, तुमी किती येळ पोहू शकता?"

"काहून? विहिरीत बुडवायचा बेत हाय का माझा?"

"बुडवायचं न्हाई," ती हसली. "धरणात सोडायचं हाय."

मी तिला हाकलून लावलं. पण ती चिवट. सुंभाची दोरी आणून तिनं विहिरीचा घेर मोजला आणि शर्यतीतलं अंतर भरायला किती फेऱ्या लागतील त्याचा हिशोब केला. मी मनात म्हणाले, ही मला एवढी पुढं काहून करून राहिली? माझी फजिती करून माहेरी हसायचं असेल. मालक ओसरीवरून म्हणाले, "या वयात मासोळी व्हायचं सुचलं व्हय?" मी पदर तोंडाला लावून आत गेले. नाहीच म्हणणार होते. पण सकाळी विहिरीत उतरले तर कोमल पायऱ्यांवर येऊन बसली. गुडघ्यावर हनुवटी ठेवून फेऱ्या मोजायला लागली. मी दमून पायरी धरली तर म्हणाली, "माय, अजून हाय." कितीतरी दिवसांनी तिनं आपण होऊन माझ्याशी शब्द काढला होता. मग मी थांबले नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही औंढ्याला आलो आणि नागनाथाच्या दर्शनाला गेलो. तिथं पिंडीपाशी जायला तळघरात उतरावं लागतं. वाट अरुंद, छत खाली. वाकून, बसून पुढं सरकायचं. कुणाचा हात, कुणाचा पाय, काही कळत नाही. अशा गर्दीत मी गळ्यातलं डोरलं कायम मुठीत धरते. त्या दिवशीही धरलं होतं. मागून कुणी बाई माझ्या डाव्या खांद्याला रेटत होती. मी कोपरानं तिला मागं सारलं, ती परत रेटायची. तिच्या रेट्यानं मी पिंडीसमोर जाऊन पोचले. नवस बोलले नाही. एवढंच म्हणाले, बाबा, माझ्या पोरीला पळायला मिळू दे. जिंकू दे असं नाही, नुसती तिची बारी येऊ दे. कारण शर्यतीचा नियम मनीषानं सांगितला होता. मी भोंगा वाजायच्या आत पाण्याबाहेर आले तरच मनीषाची सायकल सुटणार, आणि तिची सायकल परत आली तरच कोमल पळणार. मी पाण्यात अडकले की पोरगी पुन्हा न पळता घरी. त्यानंतर ते बूट कोठीमागून परत निघाले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

सकाळी धरणावर माणसांची जत्राच होती. शहरातल्या बाया अंगाला चिकटलेल्या कपड्यांत बिनधास्त फिरत होत्या. मला मनीषानं लांब बाह्यांचा सदरा आणि पायघोळ विजार दिली होती, तरी पाण्यापर्यंत मी ओढणी सोडली नाही. एका पोरानं दंडावर आकडा लिहिला, बैलबाजारात जनावरावर लिहितात तसा. घोट्याला एक पट्टा बांधला. त्यावरून म्हणे कोण कुठवर पोचलं ते यंत्राला कळतं. हाच पट्टा मी मनीषाला द्यायचा, तिनं कोमलला. माझा पट्टा ढिला बांधला असं मला वाटलं, म्हणून मी तो पुन्हा बांधायला लावला. डोरलं सदऱ्याच्या आत पिनेनं अडकवलं.

शिट्टी झाली आणि आम्ही पाण्यात शिरलो. या काठावरून समोरच्या काठाला जायचं, वाटेत केशरी फुगे तरंगत ठेवलेले. सूर्य नुकता वर आला होता आणि नेमका समोर होता. पाणी सगळं चकाकत होतं. त्या चकाकीत फुगा दिसेना, काठ दिसेना. तरी मी जोमात हात मारत होते. दम होता, पाणी गार होतं, मला वाटलं, हे तर सोपं आहे. तेवढ्यात होडीतला माणूस ओरडला, "ओ ताई, डावीकडं कुठं चालल्या? उजव्या अंगाला घ्या!"

मी तर सरळ चालले होते. मला खात्री होती. मनात आलं, हा दुसऱ्या कुणाचा माणूस असेल, मला मुद्दाम चुकवत असेल. मी ऐकलं नाही. तो परत ओरडला. मान वळवून बघितलं तर बाकीच्यांच्या पिवळ्या टोप्या पार लांब, उजवीकडं. मी एकटीच भलतीकडं आले होते.

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या विहिरीत उजव्या हाताला भिंत ठेवून, डावीकडं वळत वळतच पोहावं लागतं. लहानपणापासून मी तशीच पोहत आले. सरळ कधी पोहलेच नव्हते. मनीषानं फेऱ्या मोजल्या, कोमलनं मोजल्या, पण विहिरीतल्या फेऱ्या म्हणजे नुसतं गोल फिरणं, हे आम्हा तिघींच्याही ध्यानात आलं नाही. आता माझं अंगच डावीकडं वळत होतं आणि मला ते कळतही नव्हतं. उजवीकडं जायला बघितलं की फार उजवीकडं जायचे, जरा विसरले की परत डावीकडं. हात भरून आले. पहिल्यांदाच पाण्याची भीती वाटली. आता भोंगा वाजतो आणि पोरगी काठावर उभी राहते, एवढंच डोळ्यांपुढं.

आणि माझ्या डाव्या खांद्याला धक्का लागला. जांभळ्या बाह्यांची एक बाई माझ्या शेजारी आली होती. एवढं मोठं धरण, आणि ही माझ्याच अंगावर. मी हात मारला की ती खांद्याला भिडायची आणि मला उजवीकडं दाबायची. मला वाटलं, हिला मला मागं टाकायचंय. मी कोपर मारलं. ती लांब झाली, परत आली. मी दुसऱ्यांदा मारलं, पुन्हा तेच. रागानं मी जोरात हात मारायला लागले, तर तीही तेवढ्याच जोरानं. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. शेवटी माझ्यात भांडायचा जोर उरला नाही. मनात म्हणाले, रेट बाई, कुठं रेटायचं तिकडं रेट. नागनाथा, तू बघ आता. आणि मी अंग सैल सोडलं. नुसते हात चालू ठेवले. तिनं दाबलं की दबायचे, मी वळले की तिला टेकायचे. कुठं चाललोय ते बघणंच मी सोडून दिलं.

पायाला चिखल लागला तेव्हा मला खरं वाटेना. समोर काठावर कोमल उड्या मारत होती, "माय! इकडं! माय!" मी गुडघ्यांवर रांगतच वर आले. मनीषानं वाकून माझ्या पायाचा पट्टा सोडला, आपल्या पायाला बांधला. जाता जाता माझ्या ओल्या डोक्यावर ओढणी टाकली. तेवढ्या घाईतही तिला माझी लाज आठवली होती. ती सायकलवर गेली आणि मागं भोंगा वाजला.

मनीषा परत आली तेव्हा बरेचजण पळून आलेही होते. तिनं पट्टा कोमलच्या पायाला बांधला आणि पाठीवर थाप मारली, "जा, चिंगाट!" कोमल गेली. मी रस्त्याकडं तोंड करून बसले. देवाचं नावही घेतलं नाही, नुसती बसून राहिले. शेवटी शेवटी ती वळणावर दिसली. मधेच चालायला लागली. पण ती बसली नाही. परत पळाली, आणि पळतच आली.

जेवणाच्या रांगेत मला त्या जांभळ्या बाह्या दिसल्या. त्या बाईनं आता जाड भिंगांचा चष्मा लावला होता. विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "बाई, पाण्यात तुमी मला काहून ढकलत होत्या?"

"अहो, त्या तुम्ही होय!" तिनं माझा हातच धरला. "ढकलत नव्हते हो. चष्म्याशिवाय मला ढिम्म दिसत नाही. त्यात हा उजवा खांदा जुना दुखावलेला, त्यामुळं मी सारखी उजवीकडं वाहवते. शिट्टीपासून मी तुमच्या मागंच होते. तुम्ही इतक्या जोमात चालला होता, मला वाटलं यांना वाट माहीत आहे, यांना धरून राहू. मी तर तुमच्या भरवशावर आले. कोपर मात्र तुमचं जबरदस्त आहे!"

मी म्हटलं, "मला कुठं वाट माहीत होती?"

कोमलनं आम्हा दोघींकडं बघितलं आणि हसत सुटली. "वैनी, ऐकलं का? एक डावी, एक उजवी, दोघी मिळून नाकासमोर!" तिचं ते हसणं मी भरतीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून मी याच गोष्टीवर विचार करते. ती मला नेत नव्हती, मी तिला नेत नव्हते. दोघीही वाकड्या, दोघींनाही दिसत नव्हतं, आणि दोघी काठाला लागल्या. मग सरळ कोण नेत होतं? याला कुणी योगायोग म्हणेल. मी भांडणार नाही, मी स्वतःच संशयी. पण एवढं कळलं की आपण वाकडं चाललोय हे आपलं आपल्याला कधीच दिसत नाही. शेजारचा धक्का लागतो तेव्हाच दिसतं, आणि आपण मात्र त्यालाच कोपर मारतो.

पुढच्या सोमवारी मी आणि मनीषा औंढ्याला गेलो. कोमल आली नाही, तिचं पळणं पुन्हा सुरू झालं होतं. तळघरात नेहमीसारखीच गर्दी. मागून कुणीतरी डाव्या खांद्याला रेटलं. माझा हात सवयीनं गळ्याकडं गेला. मग मी तो खाली घेतला आणि शेजारी वाकलेल्या मनीषाचा हात धरला. मागचं माणूस रेटत होतं तशी सरकत राहिले. कोण होतं ते वळून बघितलं नाही. पिंडीवर डोकं टेकवून म्हणाले, बाबा, दिलंस, आणि बदल्यात काही मागितलं नाहीस.