नानाजीचा खोकला

आमच्या गावात सकाळ दोन आवाजांनी होत होती. एक कोंबडा, आन् दुसरा नानाजी अवचाराचा खोकला. कोंबडा कधीमधी चुकत होता. खोकला चुकत नव्हता.

केनवडच्या अलीकडं, नाल्याच्या वर टेकडीवर वसलेलं आमचं गाव. वावरं सगळे खाली, घरं सगळे वर. त्याच्यानं तो चढाव दिवसातून एकदा तरी माणसाचा दम काढतेच. नानाजी आन् त्याचा जोडीदार जगदेव वावरातून सोबतच निघत. अर्ध्या चढावावर एक चपटा काळा दगड आहे, दोघांचं बूड मावन एवढा. तिथं बसाचं, बंडल काढाचं. नानाजीनं काडी घासून आपली बिडी पेटवाची, आन् जगदेवनं त्या पेटलेल्या बिडीवर आपली लावून घ्याची. जगदेवनं जिंदगीत काडीपेटी इकत घेतली नाही. म्हणे, "एवढा धडधड जळता मानूस बाजूले बसला असताना काडी कायले नासवू?"

गावानं त्या दगडाले बिडीचा दगड असंच नाव देल्लं होतं.

नानाजीची बायको सोजरबाई जाऊन बरेच वर्षं झाले. पोरगा राजू पुण्याकडं कंपनीत. त्याचा फोन रविवारी येते, कधी येत नाही. घरात मग नानाजी, एक बाज आन् एक चूल. समोरच्या अंगाले, बोळीच्या पलीकडं जगदेवचं घर. तिकडं भरलेलं होतं सगळं. त्याची बायको चंदाबाई, पोरगा रविकांत, सून, नातवंडं. सकाळी नानाजीचा खोकला सुरू झाला की चंदाबाई उठे. खोकला थांबला की चहाचं पाणी ठेवे.

मागच्या साली पोळ्याच्या आधी नानाजी बिडीच्या दगडावर बसला तो उठेच ना. तोंड निळंकाळं पडलं. जगदेवनं पाठीत बुक्क्या हाणल्या, पाणी पाजलं, आन् दुसऱ्या दिवशी रविकांतच्या मोटारसायकलवर तिघं वाशीमकडच्या मालेगावले गेले.

डॉक्टरनं दोघांलेही एका नळीत फुकाले लावलं. आतला काटा नानाजीच्या फुकण्यानं जरासा हालला. जगदेवच्या फुकण्यानंही तेवढाच.

"दोघांनीही बिडी आजच सोडायची," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन दिवसांत जिभेला चव यायला लागेल, वास कळायला लागतील. दोन-तीन महिन्यांत चढ चढताना फरक जाणवेल. खोकला हळूहळू कमी होईल. वर्षभर टिकलात तर हार्टचा धोका निम्म्यावर येईल. पण एकही झुरका नाही. एका झुरक्यानं माणूस परत तिथंच येतो."

जगदेव म्हणाला, "सायेब, तुमचं औषध लयच सुस्त हाये. वर्षभर! बिडी तं दोन मिनिटात आराम देते."

रविकांत हसला. डॉक्टरही हसले. नानाजी हसला नाही. त्यानं इचारलं, "आन् नाई सोडली तं?"

"तर एक दिवस बाजेवरून उठून पाणी घ्यायलाही दम लागेल. घरी करणारं कोण आहे, बाबा?"

येताना मोटारसायकलवर मधात बसून नानाजी गपचूप होता. जगदेव मागून खांद्याले हालवे, "काय झालं बे?" पण त्याले सांगून काय समजणार होतं? जगदेव बाजेवर पडला तं पाणी द्याले चार जण होते. इकडं माठ चार पावलावर होता आन् मधात कोणी नव्हतं. नानाजी मराले भेत नव्हता, तहानलेलं पडाले भेत होता.

जगदेवनं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बिडी सोडली. नानाजीनं सोडली ते सोडलीच.

पहिले काही दिवस वाईट गेले. हाताले काम नाही, तोंडाले काम नाही, डोक्यात नुसती भणभण. तुराटीचा तुकडा ओठात धरून बसे. जगदेव दगडावरून वरडे, "काड्या चघळून राह्यला का रे बैलावानी? ये, एक मार!" बिडीचा धूर चढावावरून खाली येई आन् नानाजीचे पाय आपोआप तिकडं वळत. एक-दोनदा तं तो दगडाच्या अगदी जवळ जाऊन उभा राह्यला. मग त्यानं ठरवलं, जगदेव वर गेल्याबिगर आपण वावरातून निघाचंच नाही. हे त्यानं जगदेवले सांगितलं नाही. मी तुही बिडी पाहून हारतो, हे कसं सांगाचं? मोठ्या माणसानं असं बोलत असते का?

जगदेवनं आपला हिशोब लावून घेतला. चारचौघांत म्हणे, "नानाजी आता डॉक्टरचा जावई झाला. आपल्यासंगं बसाले त्याले लाज वाटते."

नानाजीच्या कानावर आलं. खरं काय ते सांगाले तो गेला नाही.

इकडं डॉक्टरचं एकेक बोलणं खरं होत चाललं. पहिली आली चव. पोळ्याच्या दिवशी चंदाबाईनं पुरणपोळी पाठवली, आन् नानाजीले पुरणातली इलायची समजली, जायफळ समजलं. खाऊन तो लय खूश झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीसारखी वांग्याची भाजी केली आन् पहिल्या घासाले थांबला. कच्चा मसाला, मीठ भलतंच, खालून लागलेली. सोजरबाई गेल्यापासून तो हेच खात होता, आन् त्याले पत्ता नव्हता. त्या दिवशी त्यानं भाजी कुत्र्यापुढं टाकली. कुत्र्यानं हुंगली आन् ते गेलं बाजूले.

वासही आले. गोठ्याचा आला, बैलापुढच्या ओल्या सोयाबीनच्या कुटाराचा आला. घराचा आला. घराले वास होता, जळक्या पानाचा, आंबट, जुना. भिंतीले, गोधडीले, सोजरबाईच्या पेटीतल्या लुगड्यालेही तोच. नानाजीनं लुगडं नाकाले लावलं, त्यात सोजरबाई कुठंच नव्हती. नुसता नानाजीच होता. त्यानं ते घडी करून परत ठेवून देल्लं.

दिवाळी येता येता खोकला कमी झाला. एका सकाळी तो आलाच नाही. नानाजीले छान झोप लागलेली. तं दारावर काठी वाजली. बाहेर जगदेव.

"जिता हायेस का बे?"

"हाये."

"बुढी म्हने, आज खोकला नाई आला, पाहून या. मले वाटलं गेला वाटते."

"नाई गेलो."

जगदेव उंबऱ्याबाहेर उभा. आत ये म्हणाव, तं त्याच्या कानावर बिडी खोसलेली. नानाजीची नजर त्या बिडीवर. जगदेवले वाटलं हा आपल्याले आत घेत नाही.

"मंग खोक तं जरा," जगदेव म्हणाला. "तिले आयकू येऊ दे. मले सांगाले जाची गरज नाई."

नानाजी खोकला. खोटं खोटं. जगदेव वळला आन् निघून गेला. बोळ ओलांडाले त्याले दोनदा थांबा लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडी वावरात हळदी शिजत होत्या. कढयांची वाफ खालून वर येत होती आन् नानाजी खांद्यावर कुटाराचं गाठोडं घेऊन चढाव चढत होता. त्या वासात त्याचं ध्यान होतं. वर घरापाशी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं का आपण मधात कुठंच थांबलो नाही. साठी ओलांडलेला माणूस, आन् दम लागला तो नुसता लागाले पाह्यजे तेवढा. ही गोष्ट कोणाले तरी सांगाव असं त्याले लय वाटलं. राजूले फोन लावला. राजू म्हणाला, "बाबा, शिफ्टमध्ये आहे, मग करतो."

त्यानं बैलाले सांगितलं.

दुसरा पोळा झाला. त्याच्या मागंच जगदेवनं बाज धरली. छाती भरली, पायाले सूज. वाशीमले नेलं, नळ्या लावल्या, आन् आठवड्याभरात परत आणलं. आता घरीच ठेवा म्हणाले. त्या दिवशी नानाजीनं बोळ ओलांडली. बाजेपाशी जाऊन बसला. चंदाबाई चमच्यानं पाणी पाजून राह्यली होती, सून पाय दाबून राह्यली होती, नात वारा घालून राह्यली होती.

जगदेवनं डोळे उघडले. "आला का जावई?"

"आलो."

"काडी हाये का?"

नानाजीनं खिशात हात घातला. खिशात चष्मा होता, चाबी होती, तुराटीचा तुकडा होता. "नाई बे," तो म्हणाला.

"तुह्यापाशी काडी नाई," जगदेव म्हणाला, आन् जरासा हसला. ते हसणं खोकल्यात गेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याले सारं गाव खाली नाल्यावर. महाराजांनी पिंड मांडले. जगदेवले आवडे ते सगळं समोर ठेवलं. जिलेबी, चहाचा कप, पान, आन् बिडीचं नवं बंडल. बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. लोक लागले बोलाले.

"पोरांच्या शिक्षनाचं पाहू आमी, तू जा."

"बोरचं काम करून घेतो, बाबा!" रविकांत म्हणाला.

"जिलेबी थंडी झाली असन."

"तुले पाह्यजे असन तं तू जाऊन खा नं."

एकदोघं हसले. ऊन वर आलं. कावळे तिथंच. मग कोणीतरी बोललं, बोलणाऱ्याचं नाव कशाले घ्याचं, "अरे, बिडी पेटवलीच नाई कोनी. त्याची बिडी कदी काडीवर पेटली का? नानाजीच्या बिडीवर पेटे. नानाजी, तू एक ओढ, आन् त्याच्यावर त्याची लावून ठेव."

सगळ्या माना नानाजीकडं वळल्या. रविकांत बंडल फोडून दोन बिड्या घेऊन आला. डोळे लाल, डोकं भादरलेलं. "काका, मरताना त्यायनं तुमाले काडी मांगतली होती. मी तिथंच होतो. एक झुरका मारा. एकानं काय होते?"

नानाजीनं बिडी हातात घेतली. बोटांनी ती आपोआप फिरवली, चिमटीत दाबली, ओठात धरली. पानाची चव जिभेवर उतरली. कधीकाळी ती त्याले समजतही नव्हती. आता जीभ साफ होती, त्याच्यानं ती चव चाळीस साल मागून धावत आल्यासारखी आली. जगदेव, दगड, घाम, संध्याकाळ, सगळं त्या चवीत. रविकांतनं काडी घासली आन् हाताचा आडोसा करून समोर धरली.

नानाजीले आपला माठ दिसला. चार पावलं दूर.

त्यानं बिडी तोंडातून काढली. काडी रविकांतच्या बोटापर्यंत जळत आली आन् त्यानं ती झटकली. "काका?"

पिंडापाशी धुपाची गोवरी जळत होती, तिच्यापाशी नानाजी खाली बसला. आपली बिडी त्यानं बाजूले ठेवली. जगदेवची घेतली, तिचं तोंड इस्तवाले टेकवलं, आन् फुंकर मारली. लांब, एकसारखी. गोवरी लाल झाली, राख उडाली. आदल्या साली एवढं फुकलं असतं तं तो तिथंच आडवा झाला असता. आता फुंकर संपेच ना. बिडीच्या तोंडाले लाल ठिपका आला. ती त्यानं पिंडाच्या बाजूले पानावर ठेवली. धूर सरळ वर गेला.

लोक पाहत राह्यले. बिडी थोडी जळली आन् विझली. कोणी ओढत नसलं तं ती विझतेच.

कावळा आला नाही.

"उष्टी नाई ना झाली," मागून एक जण पुटपुटला. "ओढली असती तं आला असता."

"एका झुरक्यासाठी दोस्ताले अडकवून ठेवलं."

महाराजांनी घड्याळात पाहिलं, दर्भाचा कावळा केला, पिंडाले लावला, आन् झालं म्हणाले. लोक हात-पाय धुऊन चढावाले लागले. नानाजीच्या संगं कोणी निघालं नाही. तो मागून निघाला. पुढचे सगळे अर्ध्या चढावावर थांबले, पोरंसोरंही धापत होती. दगडावर दोघं जण बसले होते, त्यांनी बिड्या काढल्या. नानाजी त्यांच्या बाजूनं वर गेला. दम लागला नाही. थांबाचं काही कारणच नव्हतं.

संध्याकाळी चंदाबाई वाटीत जिलेबी घेऊन बोळ ओलांडून आली. वाटी चुलीपाशी ठेवली.

"भाऊजी, लोकायचं बोलनं मनावर घेऊ नका."

"नाई घेत."

"ओढली नाई ते बरं केलं. पन एक आयका." तिनं पदर सारखा केला. "सकायी उठलं का खोकत जा थोडं. मले तिकडं समजलं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी अंगणात आला. कोंबडा आरवून गेलता. पलीकडं खराट्याचा आवाज चालू होता. त्यानं छातीवर हात ठेवला आन् खोकाले पाह्यलं. आला नाही. छाती साफ होती. त्यानं घसा खरवडला, वाकला, जोर लावला, तेव्हा कुठं एक कसाबसा निंघाला.

खराटा थांबला. जरा वेळानं परत सुरू झाला.

तेव्हापासून तो रोज खोकते. खरा येत नाही, खोटाच काढा लागते.