पातेलं रिकामं द्यायचं नसतं: सखीरच्या वाळवंटात पंधरा दिवस

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ, भाषणं, ग्रुप फोटो, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे खुर्चीत पेपर उघडून बसले आणि पेपरामागून आवाज आला, "चहा?" त्याला आता चार वर्षं झाली. खुर्ची तीच, आवाज तोच आणि ओट्यापाशी उभी असलेली मीही तीच. माझ्या निवृत्तीची तारीख कुणी काढलीच नाही.

तर ह्या डिसेंबरात आम्ही सांगलीहून बहारीनला गेलो, लेकाकडे. अमित तिथं सनदला राहतो. जेवता जेवता तो म्हणाला, "बाबा, माझ्या ऑफिसातल्या खालिदचे आई-वडील दर हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात तळ ठोकून राहतात. त्यांच्याकडे एक जादा कॅरव्हान रिकामी आहे. जाता का पंधरा दिवस?" ह्यांचे डोळे असे लकाकले की मला धरणाची मंजुरी आली की काय असं वाटलं. चाकांवरच्या घरात राहायचं हे ह्यांचं जुनं वेड. मी शांतपणे भाजी वाढली आणि म्हटलं, "मी येते. पण एक अट आहे. पंधरा दिवस मी गॅस पेटवणार नाही. तुम्ही रिटायर झालात, आता मी होणार."

"चालतंय की! त्यात काय?" हे म्हणाले. ह्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. आमची नऊ वर्षांची नात अन्वी मात्र चमचा खाली ठेवून म्हणाली, "आजी, आर यू ऑन स्ट्राइक?" मराठी तिला सगळं कळतं, उत्तर तेवढं इंग्रजीत येतं. आणि कळलं होतं ते बरोबर तिलाच.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. सनदहून सखीर गाडीनं अर्ध्या तासावर. रिफा गाव मागे पडलं की घरं संपतात आणि रस्त्याकडेनं तेलाच्या पाइपलाइनी सुरू होतात. तळाच्या जागेची रीतसर परवानगी लागते, ती खालिदच्या घरच्यांची होतीच. आणि बायांनो, "वाळवंट म्हणजे गरम" ह्या भ्रमात राहू नका. मी सहा सुती साड्या आणि एकच शाल नेली. संध्याकाळी वारा सुटला तसं मी ह्यांचा स्वेटर काढून घेतला, तो पंधरा दिवस परत दिला नाही. ह्यांनी मफलरवर भागवलं.

पहिल्याच दिवशी अमितची गाडी वाळूत रुतली. ह्यांनी खाली उतरून चाकाची पाहणी केली, मातीच्या प्रकाराबद्दल दोन वाक्यं बोलून घेतली, आणि गाडी आणखी चार बोटं खाली गेली. तेवढ्यात एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ जीप घेऊन आले, दोर बांधला, "यल्ला!" म्हणून ओरडले आणि गाडी बाहेर. हेच खालिदचे वडील, अबू खालिद. त्यांच्या मागून उम्म खालिद आल्या, खालिदची आई. त्यांनी माझा हात जो धरला तो कॅरव्हानच्या दारापर्यंत सोडला नाही. दोघांनाही मोडकंतोडकं हिंदी येतं. माझं हिंदीही मोडकंच, त्यामुळे आमचं झकास जमलं.

कॅरव्हान म्हणजे दोन पलंग, एक शेगडी, एक बेसिन, आणि उभं राहता येईल पण वळता येणार नाही अशी मोरी. पाण्याची टाकी छोटी, आठवड्यातून दोनदा टँकर येऊन भरणार. झालं! ह्यांना जन्माचं काम मिळालं. तासाभरात भिंतीवर कागद चिकटला: सकाळचं आवर्तन, संध्याकाळचं आवर्तन. आंघोळीला किती, भांड्यांना किती. मी केस धुवायला पाणी मागितलं तर म्हणाले, "शुक्रवारी सोडतो." बत्तीस वर्षं शेतकऱ्यांना जे ऐकवलं, ते मला.

पहिल्या संध्याकाळी सुनेनं बांधून दिलेल्या पोळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी ह्यांनी खिचडी केली. भात एकीकडे, डाळ एकीकडे, ओळख नसल्यासारखे. मी तशीच खाल्ली. आणि त्याच दुपारी ते पातेलं आलं.

अबू खालिद स्वतः घेऊन आले. चांगलं दोन्ही हातांनी धरायचं ॲल्युमिनियमचं पातेलं, झाकणाला पोचा, आत मचबूस. म्हणजे मसाल्याचा भात आणि वर अख्ख्या कोंबडीचे तुकडे. माणसं आम्ही दोन, भात दहा जणांचा. वासानं जीव कासावीस झाला. दोन दिवस तोच जेवलो. मग ह्यांनी पातेलं घासलं (आवर्तनाबाहेरचं पाणी वापरून!) आणि निघाले द्यायला.

"रिकामं?" मी म्हटलं.

हे थांबले. आपल्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत हे ह्यांना माहीत होतं, पण ते भरतं कोण, ह्याचा विचार कधी करायची वेळ आली नव्हती. "मग काय करायचं?"

"शिरा करा. मी इथं खुर्चीत बसून सांगते. उठणार नाही."

आता एक गोष्ट कबूल करते. घरात काही नसलं तर चमचाभर साखर घालून भांडं परत दिलं तरी चालतं. माझी आई द्यायची, मीही शंभरदा दिलंय. मला हे पक्कं ठाऊक होतं. साखरेचा डबा समोर होता. मी गप्प बसले.

"रव्याला पाणी किती?" आतून प्रश्न आला.

"अडीचपट."

"उकळतं सोडायचं की गार?"

"उकळतं. आणि हळूहळू सोडा, पूर आणू नका."

शिऱ्याचे लाडू झाले होते, कुणी न वळता. पण वेलदोडे दिलखुलास पडले होते. अबू खालिदनी तिथंच उभ्याउभ्या खाल्ला, "ताय्यब, ताय्यब," म्हणजे छान, असं म्हणाले, आणि मी मनात म्हटलं, सुटलो. कुठलं सुटलो! संध्याकाळी तेच पातेलं परत आमच्या दारात, आत गव्हाची आणि मटणाची घोटून घोटून मऊ केलेली हरीस. म्हणजे रिकामं भांडं परत न द्यायचं हे त्यांच्यातही होतंच. दोन्हीकडे तोच नियम, आता थांबायचं कुणी?

तिथून पुढं पातेल्यानं दम धरला नाही. आमच्याकडून पोहे गेले (भिजून पिठलं झालेले), तिकडून खजूर घातलेला भात आला. आमच्याकडून साबुदाण्याची खिचडी गेली, तिकडून भाजलेला मासा. सातव्या दिवशी ह्यांनी दारात उभं राहून जाहीर केलं, "रवा मफी! साबुदाणा खलास!" मफी म्हणजे नाही. ह्यांना येणारं सगळं अरबी एका वाक्यात संपलं. मग दोघे म्हातारे जीपमधून ईसा टाउनच्या बाजारात गेले. तिथून मला तीन फोन. "रवा बारीक की जाडा?" "शेंगदाणे भाजलेले घेऊ का कच्चे?" "हिंग कुठल्या रंगाच्या डबीत असतो?" येताना खबूस घेऊन आले, म्हणजे तंदुरातली मोठी गरम रोटी. शंभर फिल्सला, म्हणजे वीस-पंचवीस रुपयांना, एवढ्या मिळाल्या की जीपमध्येच अर्ध्या संपल्या होत्या.

तेवढ्या वेळात मी आणि उम्म खालिद त्यांच्या तंबूत गालिचावर पाय पसरून बसलो होतो. केशराचा चहा, समोर शेकोटी. मी विचारलं, "तुम्ही रांधत नाही?"

"घर में मैं," त्या म्हणाल्या. "इधर ये. बर्र में आदमी लोग पकाता." बर्र म्हणजे हे वाळवंट. इथं तळावर पुरुषांनीच रांधायचं, अशी त्यांच्या घरची जुनी रीत. मला हसावं की रडावं कळेना. माझं एवढं मोठं बंड, आणि इथं ते दर हिवाळ्याचं होतं!

मग त्यांनी भुवया उडवून विचारलं, "तेरा वाला? घर जाके भी पकाएगा?"

"इंशाल्ला," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. "मेरा वाला चालीस साल से इंशाल्ला बोलता!"

मीही हसले. पण संध्याकाळी खुर्चीत बसल्यावर ते वाक्य टोचत राहिलं. पंधरा दिवसांची मजा पंधरा दिवसांत संपेल, आणि सांगलीत पुन्हा पेपरामागून "चहा?" येईल. उभं राहून राहून माझ्या टाचा दुखतात, ते मी कुणाला सांगत नाही. मला पंधरा दिवस नको होते. मला उरलेली वर्षं हवी होती.

मध्ये एकदा आम्ही वाळवंटातलं ते प्रसिद्ध एकटं झाड पाहून आलो. आसपास मैलोन्‌मैल काही नाही आणि हे आपलं हिरवंगार, कित्येक शतकांचं. जरूर पाहा, जाताना डोक्याला काहीतरी बांधा. बाकी लोक फोटो काढत होते. हे झाडाभोवती तीन फेऱ्या मारून "पाणी येतं कुठून?" म्हणत होते.

नवव्या दिवशी ह्यांनी थालीपीठ लावलं. भाजणी मी सांगलीहूनच आणली होती. सवयीनं आणली, निवृत्तीचा विचार तेव्हा नव्हता. आणि काय सांगू, पहिलं करपलं, दुसरं तुटलं, तिसरं असं खमंग उतरलं की मी खुर्चीतून उठले. मग आठवण झाली आणि परत बसले. अबू खालिद गरम गरम खायला आले. बोटानं दाखवून म्हणाले, "ये होल किसलिए?"

ह्यांची छाती फुगली. "ड्रेनेज!" हे म्हणाले. मग दहा मिनिटं तेल कसं झिरपतं त्याचं व्याख्यान झालं, अबू खालिदनी मान डोलावत चार थालीपिठं संपवली.

आणि बाराव्या दिवशी घात झाला. इचलकरंजीहून नणंदेचा फोन आला. नंदा म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. फोन स्पीकरवर. हे कौतुकानं सांगत होते, पातेलं कसं येतं, कसं जातं. ती म्हणाली, "अरे दादा, रोज कशाला मरतोयस? चमचाभर साखर घालून द्यायचं की! वहिनीनं सांगितलं नाही?"

 ह्यांनी फोन ठेवला.

"सुमन, तुला माहीत होतं?"

"होतं."

"बारा दिवस मी हात भाजून घेतोय. आणि तू खुर्चीत बसून बघत होतीस?"

"बघत होते," मी म्हटलं. माझा आवाज चढला, चढू दिला. "छान वाटत होतं बघायला. सदतीस वर्षं तुम्ही बघितलंत की! एकदा तरी विचारलंत, तुझे पाय दुखतात का?"

हे बाहेर जाऊन खुर्ची तळाच्या कुंपणाकडं तोंड करून ठेवली आणि बसले. मला वाटलं, झालं, संपली आपली निवृत्ती. बेसिनपाशी कालचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. अर्ध्या तासानं हे आत आले. साखरेचा डबा उघडला. बराच वेळ आत बघत राहिले. मग झाकण लावलं.

"भाजणी किती उरलीय?" ह्यांनी विचारलं.

"दोन वाट्या."

"कांदा बारीक चिरायचा ना?" एवढं बोलून हे खाली वाकले, कांदे काढले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "टाचा दुखतात का गं?"

मला रडू आलं. मी कांद्यावर ढकललं.

पंधराव्या दिवशी निघालो तेव्हा अबू खालिदनी धावत येऊन पातेलं अमितच्या गाडीत ठेवलं, खजुरांनी भरून. मी म्हटलं, "अहो, हे परत कसं द्यायचं?" ते म्हणाले, "अगले साल. खाली नहीं चलेगा." उम्म खालिदनी माझ्या कानात विचारलं, "इंशाल्ला?" मी नुसती हसले. उत्तर मलाच ठाऊक नव्हतं.

आता सांगलीत येऊन दहा दिवस झाले. वाळू अजून माझ्या पर्समधून निघते. पाण्याच्या आवर्तनाचा कागद ह्यांनी इथल्या बाथरूमला चिकटवलाय, तो मी दोनदा फाडला. मुंबईहून तिकीट लवकर काढा, हिवाळ्यात फार चढतं. गरम कपडे न्या. आणि जादा रवा न्या, लागतो.

काल सकाळी उठले तर शेजारच्या वहिनींचा डबा ओट्यावर घासून ठेवलेला होता. परवा त्यांनी आमटी पाठवली होती. मी घाईत होते, साखरेचा डबा काढला, चमचा बुडवला.

"असं कसं?" मागून आवाज आला. ह्यांच्या खांद्यावर टॉवेल, हातात उलथनं. "ठेव ती साखर. रवा भाजून झालाय माझा. तू हो बाजूला, गर्दी करू नको."

मी बाजूला झाले. बाहेर आले. खुर्ची रिकामी होती आणि पेपर घडी न मोडता पडलेला होता. मी बसले, पाय समोरच्या स्टुलावर टाकले, पेपर उघडला आणि पेपरामागून म्हटलं, "चहा?"