ताईचं धावणं आणि आईच्या चौकशा

इंदूरचं संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं, तेव्हा ताई कॉलेजात होती आणि मी शाळेत. त्या वर्षी कॉलेजच्या खेळांत पहिल्यांदाच मुलींची धावण्याची शर्यत ठेवली. ताईने नाव दिलं आणि सकाळी लालबागेच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर धावायला लागली. पातळाचा काचा मारलेला, पायांत दादाचे कॅनव्हासचे बूट. सोबतीला मी.

सुरुवातीला रस्ता रिकामा असायचा. मग बातमी पसरली आणि सायकलवाली पोरं मुद्दाम तिकडून यायला लागली. कुणी घंटी वाजवत तिच्या बाजूने चालवायचा, कुणी ओरडायचा, "क्यों भिया, गाड़ी छूट गई क्या इनकी?" एक वयस्क गृहस्थ रोज थांबून सांगायचे, "बाई, बायकांच्या प्रकृतीला हे बरं नव्हे." ताई मान ताठ ठेवून पुढे जायची. रडू यायचं ते मला.

एकदा एका पोराने सायकल आडवी घातली. ताई पडली, गुडघा सोलवटला. घरी आल्यावर वडील म्हणाले, "बस झालं आता हे."

ताई मोरीवर बसून गुडघा धूत राहिली. आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "रस्ता काय त्या पोरांच्या बापाचा आहे? उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी आई नऊवारीवर शाल पांघरून आमच्याबरोबर निघाली आणि वळणावरच्या नाल्याच्या पुलियावर, कठड्यावर बसली. सायकली दिसताच तिने पहिल्यालाच हाक मारली, "बेटा, जरा इधर आओ. किसके यहाँ के हो? पिताजी किधर नोकरी करते?" आवाजात राग अजिबात नाही. पोरगा चाचरत खाली उतरला. दुसरा हिंदीतून काहीतरी बोलून सटकू पाहत होता. आई म्हणाली, "मराठी आहेस ना रे? बोलण्यावरून कळतं. तुझ्या आईला हळदीकुंकवाला भेटेन मी." त्याने सायकल वळवली ती थेट जुनी इंदूर मोहल्ल्याकडे.

ते गृहस्थ आले तेव्हा आई उठून उभी राहिली. हात जोडून म्हणाली, "आपण रोज काळजी करता, उपकार आहेत. पण मुलगी माझी आहे. तिची काळजी मी करते."

ते निघून गेले. आठवडाभरात रस्ता शांत झाला.

शर्यतीत ताई दुसरी आली. वडील मैदानाच्या कडेला उभे होते, आणि घरी येईपर्यंत तिचे बूट त्यांच्याच हातात होते.

शर्यत संपली तरी ताईचं धावणं थांबलं नाही. आईला पुलियावर बसून थंडी वाजायची, म्हणून तीही भरभर चालायला लागली. मग शेजारच्या काकू येऊ लागल्या, पाठोपाठ त्यांची सूनही. दिवाळीनंतरच्या गारठ्यात पदर खोचून पुढे निघालेल्या आईला गाठायला मला पळावं लागायचं.